अ सरकार, ब सरकार आणि आंबापळस

विमलताई धर्माधिकारींच्या शेजारी पंगतीत बसायला नातेवाईक घाबरत. एखादा पाहुणा वरणभात कालवता कालवता सहज बोलून जाई, "या सरकारनं शाळांचं पार वाटोळं केलं बुवा," आणि ताईंचा घास हातातच राही. कोणत्या सालापासून म्हणता? आपल्या जिल्ह्यात की सगळ्या राज्यात? जिल्हा परिषदेच्याच शाळा मोजल्या की खाजगी धरून? पाहुणा बिचारा गडबडीनं जिलबी मागून घ्यायचा, आणि पंगत उठेपर्यंत राजकारणाचं नाव काढायचा नाही.

तेहतीस वर्षं त्यांनी आरोग्य खात्यात सांख्यिकी सहायक म्हणून काढली होती. अमरावती जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या गावी बदल्या होत राहिल्या, पण काम तेच. गावोगावचे अहवाल यायचे. जन्म किती, मृत्यू किती, लसी किती टोचल्या. त्यांची बेरीज करून महिन्याच्या पाच तारखेला गोषवारा जिल्ह्याला पाठवायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी बाईंच्या अंगातली पाच तारीख गेली नव्हती. चहासुद्धा त्या उभ्यानं घेत. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्यांच्या घराखाली शिकवण्यांच्या पोरापोरींच्या गाड्यांचा दिवसभर गोंगाट चाले, आणि वर या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येरझाऱ्या घालत. "तुझ्या पायाला भिंगरी आहे," असं त्यांचे यजमान रविकांत म्हणत. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या पायाला काहीच नव्हतं. ते आरामखुर्चीत बसून एका सरकारची बाजू घेत.

दुसऱ्या सरकारची बाजू घ्यायला अकोल्यात विमलताईंचा धाकटा भाऊ पुष्कर होता. त्याचं औषधाचं दुकान. मागच्या वर्षीच्या भाऊबीजेला हे दोघं मेहुणे असे जुंपले की ओवाळायचं तबक घेऊन विमलताई दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि निरांजन विझून गेलं.

"दवाखान्याच्या इमारती कोणी बांधल्या? आमच्या लोकांनी!" रविकांत.

"बांधल्या, पण डॉक्टर कोणी दिले भावजी? कुलूप लावायले बांधल्या का इमारती?" पुष्कर.

"आणि तुमच्या लोकांनी तेवढ्या शाळा बंद केल्या, त्याचं काय?"

"पोरंच नव्हते त्याईत! सहा पोरं अन् दोन मास्तर!"

"बस करा," विमलताई म्हणाल्या. "तुम्हा दोघांनाही काही माहीत नाही. मी मांडून दाखवते."

आणि त्यांनी खरंच मांडलं. वर्षभर त्या या एका तक्त्याच्या मागे लागल्या. जिल्ह्याचे छापील अहवाल मागवले, जुन्या सहकाऱ्यांना फोन करून त्यांचं डोकं खाल्लं, स्वतःच्या कपाटातले वार्षिक गोषवारे काढले. आडव्या तीन ओळी: शिक्षण, आरोग्य, अर्थकारण. उभे दोन रकाने. सरकारांची नावं त्यांनी मुद्दामच लिहिली नाहीत. एकाला अ म्हटलं, दुसऱ्याला ब. नाव वाचलं की माणसं पुढचा आकडा वाचतच नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. अर्थात अ कोण आणि ब कोण हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तक्ता मोठा गमतीचा निघाला. अ सरकारनं शाळाखोल्या जास्त बांधल्या होत्या, पण शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या. ब सरकारनं शिक्षक भरले, पण लहान गावांच्या शाळा मिटवल्या, आणि त्या गावांतल्या मुली सातवीनंतर घरी बसल्या. शिक्षणात बरोबरी. अर्थकारणात एमआयडीसीतल्या चालू कारखान्यांच्या जोरावर ब थोडं पुढं, महागाईत मात्र दोघंही सारखेच निर्दय. राहिलं आरोग्य. तिथं इमारती, रुग्णवाहिका, विम्याची कार्डं असं करत करत काटा इकडून तिकडं हलत होता, आणि शेवटी एका आकड्यानं तो अ कडे पक्का झुकवला. विमलताईंनी सगळ्यात जास्त वर्षं काम केलं त्या डोंगराकडच्या तालुक्यात, अ सरकारच्या चौथ्या वर्षी, बालमृत्यू एकदम तिसऱ्या हिश्शानं कमी झाले होते. ब सरकारच्या काळात ते पुन्हा वाढले.

रविकांत तीन दिवस शीळ घालत हिंडले. पुष्करनं फोनवर आधी वाद घातला, मग तक्त्याचा फोटो मागितला, आणि हरलेला माणूस करतो तेच केलं: चार गटांवर पाठवून विचारलं, की यात खोट काय ते शोधा. खोट कोणाला सापडली नाही. तक्ता मात्र अमरावतीभर फिरला. खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालवणारे ललित सर जिना चढून वर आले.

"मॅडम, मतदानाच्या आधीच्या रविवारी आपल्या हॉलमधे तुमचं व्याख्यान ठेवू. दोन्हीकडचे कार्यकर्ते येतो म्हणून राहिले. दोघाईनं एकच कागद मानला, असं पहिल्यांदा होऊन राहिलं. तुमच्या आकड्याले कोणी हात नाही लावू शकत."

हे शेवटचं वाक्य विमलताईंना फार गोड लागलं, आणि त्यात नवल काय! आयुष्यभर त्यांनी कौतुकाचा हा एकच प्रकार मिळवला होता. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण 'धर्माधिकारी बाईंचा गोषवारा' म्हटलं की वरचे लोक डोळे मिटून सही करत. त्यांनी होकार दिला. उत्साहाच्या भरात तक्त्याला एक जादा पानही जोडलं: 'त्या वर्षी ज्या गावांत एकही बालमृत्यू झाला नाही अशी गावं.' एकतीस गावांची नावं होती. हे पान जोडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं रविकांत अजून म्हणतात.

गुरुवारी दुपारी पायल वर आली. ललित सरांच्या वर्गातली, जवळच्याच एका खोलीवर दोघी मैत्रिणींबरोबर राहून पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी. सरांनी छपाईआधीचे कागद मुलांना तपासायला दिले होते. ती ते हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"मॅडम, यातलं एक गाव चुकलं."

"कोणतं?" विमलताईंनी पेन्सिल उचलली. चूक सापडली की त्यांना आनंदच व्हायचा. दुसऱ्याची असली तर.

"आंबापळस. माहं गाव हाय ते. त्या साली आमच्या गावात शून्य नाई होऊ शकत. माहा भाऊ गेला त्या साली."

"वर्ष दुसरं असेल बाळा. तू लहान असशील."

"मी सात वर्षाची होती. दुसरीत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेला तो. माह्या हातातला लाकडी बैल मायनं फेकून देला, म्हणून मले पक्कं याद हाय. अकरा महिन्याचा होता. शुभम."

विमलताईंनी साल पुन्हा विचारलं. पायलनं शाळेच्या दाखल्यावरून हिशेब करून पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी वय विचारलं, आजार विचारला, मूल आजोळी तर गेलं नव्हतं ना ते विचारलं. मुलगी शांतपणे उत्तरं देत गेली. तिला भांडायचं नव्हतं, एवढीच काय ती अडचण होती. भांडणाऱ्याला विमलताई सहज हरवत असत.

"बघते मी," त्या म्हणाल्या. पायल गेली. ताईंनी पेन्सिल ठेवली, परत उचलली, गच्चीत गेल्या, परत आल्या. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांना आठवलं होतं.

त्या वर्षी वरून कडक हुकूम आला होता: पाच तारखेच्या आत सगळ्या गावांचे अहवाल गेलेच पाहिजेत, एकाही गावाचा रकाना कोरा दिसला तर तालुक्याला नोटीस. डोंगराकडच्या गावांचे रस्ते पावसात तुटायचे, तिथले अहवाल पाच तारखेला कसे येणार? पण कोरा रकाना चालत नव्हता. मग कार्यालयात एक पद्धत होती, तिला कोणी खोटेपणा म्हणत नसे. अहवाल आला नाही तर त्या गावापुढं 'निरंक' लिहायचं. निरंक म्हणजे काही नाही. काही घडलं नाही. मागाहून अहवाल आला, की पुढच्या महिन्यात दुरुस्ती घालायची. विमलताईंनी पहिल्या वेळी दुरुस्ती नेली तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, गेलेल्या अहवालात खाडाखोड कशाला? एक आकडा बदलला की वीस पत्रं लिहावी लागतात." त्यांना ते पटलं होतं. पटलं होतं, हेच आता त्यांना सलत होतं.

पुढच्या महिन्यापासून त्यांनी दुरुस्त्या नेल्या नाहीत. उशिरा आलेले कागद त्या फाइलला लावत आल्या. फाइल नीट लावण्याबद्दलही त्यांचं नाव होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी एसटी धरली. पायलची आई मैनाबाई संत्र्यांच्या हंगामापुरती शेंदूरजनाघाटला येऊन राहिली होती, तिथं व्यापाऱ्यांच्या गोदामात प्रतवारीच्या कामाला. बसमध्ये विमलताई दोनदा जागा बदलून बसल्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कोनी दवाखान्यात हाय का?" त्या म्हणाल्या, "नाही, काम आहे." काय काम ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक आपण त्या बाईला खोटं पाडायला चाललो आहोत, अशी एक ओशाळी शंका त्यांना मोर्शीच्या अलीकडे आली, आणि ती खरी होती. मुलगी चुकली असेल, आई तरी साल वेगळं सांगेल, एवढ्या आशेवर त्या निघाल्या होत्या.

गोदामात संत्र्यांचा ढीग छातीभर उंच होता. पाच-सहा बाया मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांचे हात नुसते चालत होते. मोठं फळ उजवीकडं, मधलं पुढं, बारकं डावीकडं, डागी मागं. मैनाबाई पन्नाशीची, काटक. पायलनं फोन करून ठेवला होता. तिनं विमलताईंना एक उलटं क्रेट बसायला दिलं आणि स्वतःचे हात थांबवले नाहीत.

"तुमी त्या हापिसातल्या बाई?"

"हो. होते."

"इचारा."

विमलताईंनी साल विचारलं. मैनाबाईनं ते पायलच्या शाळेवरून सांगितलं, मग धाकट्या दिराच्या लग्नावरून सांगितलं, मग गावात वीज आली त्यावरून. तिन्हीकडून तेच साल निघालं. आशा संपली.

"काय झालं होतं त्याला?"

"हगवन. दोन दिवस. नाल्याले पूर, नर्सबाई पल्याड अन् आमी अल्याड. तिसऱ्या दिवशी पानी उतरलं, तवा ती आली. लय रडली बिचारी. मंग कागद काढला. नाव इचारलं, वय इचारलं, कायनं गेला ते इचारलं. म्या म्हनलं, बाई, आता लिवून काय करतं? तं ते म्हने, मैनाबाई, लिवा लागते. हे तालुक्याले जाते, तथून वर जाते. वरच्याईले समजलं म्हंजे नाल्यावर पूल तरी होईन." एक डागी संत्रं तिनं न बघता मागं टाकलं. "पूल नाई झाला अजून. म्या म्हनलं कागद रस्त्यात हारपला असन. पोहोचला होता का वो तो तालुक्याले?"

हो म्हणावं की नाही म्हणावं, याला फार वेळ नव्हता. ढिगाखालून एक फळ घरंगळत विमलताईंच्या पायाशी आलं. त्यांनी ते उचलून हातात धरलं.

"पोहोचला होता," त्या म्हणाल्या. "नऊ तारखेला. माझ्याच टेबलावर आला."

"मंग?"

"उशिरा आला. पाच तारखेच्या आत यायला पाहिजे होता."

मैनाबाईचे हात पहिल्यांदा थांबले. तिला राग आला असता तर विमलताईंना बरं वाटलं असतं. पण ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती.

"पूर होता ना, बाई."

"हो."

"मंग कागदावर काय लिवलं तुमी?"

"निरंक." आणि ती बाई हा शब्द ओळखत नाही हे दिसल्यावर विमलताईंनी तो मोडून सांगितला. "म्हणजे, आंबापळसमध्ये त्या महिन्यात कोणी गेलं नाही."

बाकीच्या बायांचेही हात आता थांबले होते. मैनाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "आन् परवाच्या दिशी तुमी तेच लोकाईले सांगनार? हॉलात?"

"ते ठरवायचंय अजून."

"ठरवा. मी येतो रविवारी. पायतो काय सांगता ते." एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली.

शनिवार विमलताईंना खायला उठला. त्या स्वयंपाकघरात कुकर लावून शिट्ट्या मोजायला विसरल्या. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. कागदावर त्या स्वतः लिहिलेली निरंकं आठवून मांडू लागल्या. अ सरकारच्या काळातली सात गावं नक्की आठवली. मग ब सरकारच्या काळात नियम सैल झाला होता, पण सवय कुठं सुटते? तिथलीही चार निघाली. ही नुसती आठवणारी. एका टेबलाची. जिल्ह्यात अशी किती टेबलं होती!

रविकांत आधी हसले, मग रागावले, मग घाबरले. "एका पोरानं तुझा तक्ता बदलत नाही विमल. एक वाढव, गुपचूप. कोणाला कळणार आहे?"

"एक वाढवून खरं होत नाही ते. मला माहीत नाही ते मी कुठून वाढवू?"

"मग बोलूच नको त्यावर. तेहतीस वर्षांचं नाव आहे. लोक म्हणतील, बाईनंच आकडे खाल्ले. आणि वर्तमानपत्रवाले? खात्यानं विचारलं तर?"

पुष्करचा अकोल्याहून फोन आला. त्याला रविकांतनीच काळजीनं सांगितलं होतं, आणि हा माणूस आनंद लपवू शकत नव्हता. "ताई, तू खरं बोल! बिनधास्त बोल! अ च्या काळातली थाप आहे म्हणून सांग. मी येऊन राहिलो उद्या, गाडी करून."

"ब च्या काळातली चार सांगू का मग?"

"ते... ते कायले सांगतं? मुद्दा भरकटते त्यानं."

नवरा म्हणतो गप्प बस, भाऊ म्हणतो अर्धं बोल. विमलताईंना दोघांचीही शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. कारण तेहतीस वर्षं त्यांनी साहेबांचं ऐकलं होतं ते याच दोन चालींवर.

रविवारी ललित सरांचा हॉल गच्च भरला. डावीकडे अ वाले, उजवीकडे ब वाले बसले. कोणी बसवलं नव्हतं, आपोआपच. मागं भिंतीला टेकून वर्गातली मुलं. शेवटच्या रांगेत पायल, तिच्या शेजारी धुतलेल्या हिरव्या लुगड्यात मैनाबाई. विमलताईंनी शिक्षण मांडलं. शाळाखोल्यांवर डावीकडून टाळ्या, शिक्षकभरतीवर उजवीकडून. सातवीनंतर घरी बसलेल्या मुलींचा आकडा आला तेव्हा मागच्या पोरींनी माना वर केल्या, पुढच्यांनी मोबाइल काढले. अर्थकारणात चालू कारखान्यांवरून जराशी बाचाबाची झाली, ती ललित सरांनी चहा फिरवून मिटवली. मग आरोग्य आलं. विमलताई फळ्यासमोर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालल्या, परत आल्या.

"या ओळीतला बालमृत्यूचा आकडा मी मागं घेते," त्या म्हणाल्या. "तो खोटा आहे. मला हे कसं माहीत म्हणाल, तर तो मीच लिहिला."

त्यांनी सगळं सांगितलं. पाच तारीख सांगितली, पूर सांगितला, निरंक म्हणजे काय ते सांगितलं, नऊ तारखेला आलेला कागद सांगितला. साहेबांचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. सांगणार होत्या, पण तोंडाशी आल्यावर ते पळवाट काढल्यासारखं वाटलं.

उजवीकडे पुष्कर पहिल्या रांगेतून उठून टाळ्या वाजवू लागला. "ऐका! हे यांचं आरोग्य! कागदावर लेकरं वाचवली!" त्याच्यामागं सगळी रांग उठली.

"खाली बस पुष्कर," विमलताई म्हणाल्या, आणि तो लहानपणी बसायचा तसा बसला. "ब सरकारच्या काळातही त्या खुर्चीवर मीच होते. त्यातली चार गावं मला आठवतात. न आठवणारी किती, ते मला सांगता येणार नाही."

आता डावीकडचे उठले. "बाई, एवढे दिवस कुठं होत्या? मतदान आलं तवाच बरं आठवलं! किती भेटले?" रविकांत त्यांच्यातच बसले होते. ते आरामखुर्चीतून कधी न उठणारे गृहस्थ उठून, "तोंड सांभाळून बोला हो," म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

"मग तुलना होतच नाही म्हणायची का, मॅडम?" ललित सरांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता; दोन्हीकडच्यांनी मानलेला त्यांचा एकुलता एक कागद गेला होता.

"व्हायलाच पाहिजे. पण ज्यांचं मूल गेलं त्यांना विचारून झाली पाहिजे. मी टेबलावरून केली." विमलताईंनी खडू घेतला. फळ्यावर लिहिलं: आंबापळस. पुढं शून्य. मग शून्यावर काट मारली आणि शेजारी मोठा, ठळक एक काढला.

"हा एक कोणाच्या रकान्यात धरायचा?" डावीकडून एक जण ओरडला. "पावसाळा होता म्हणता! पुराले सरकार काय करंन?"

"पूल कोणी नाही बांधला?" उजवीकडून.

"तुमी तरी कुठं बांधला, पाच वर्षं होते ना तुमी?"

खुर्च्या सरकल्या. पुष्कर आणि रविकांत समोरासमोर आले. आवाज इतका वाढला की रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. त्या गलक्यातून कडेकडेनं मैनाबाई पुढं आली. तिला कोणी वाट दिली नाही, तिनं ती मागितलीही नाही. फळ्यापाशी येऊन तिनं अक्षरांकडं बघितलं. अक्षरं तिला येत नव्हती, आकडे येत होते. तिनं त्या एकच्या आकड्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"हा तो?"

"हो," विमलताई म्हणाल्या.

मैनाबाईनं मान हलवली. मग वळून लेकीला हाक दिली. "पायल, मोबाइल आन. फोटो काढ याचा. आपल्यापाशी त्याचा एकबी फोटो नाई."

पायल आली. मैनाबाई फळ्याला लागून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या बाईजवळ आपण उभं राहावं, तिचा हात धरावा, निदान एवढं तरी करावं असं विमलताईंना फार वाटलं, आणि त्या पुढं होऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. पायलनं मोबाइल वर धरला, आणि खाली घेतला.

"बाजूले सरका बाई," मैनाबाई म्हणाली. "आकडा झाकून राह्यला."

विमलताई बाजूला सरकल्या.